जावयाच्या मानाचं फायबरचं छप्पर

आमच्या इरमला बघायला शहाद्याहून पाहुणे येणार आणि मुलगा अंकलेश्वरला फायबरच्या कंपनीत इंजिनिअर आहे, हे कळलं त्या दिवशी मी फक्त एक छोटासा निर्णय घेतला. गच्चीवर फायबरच्या पत्र्यांचं छप्पर टाकायचं आणि पाहुण्यांना त्याच्याखाली बसवायचं. बस्स, एवढंच! यात कुणाचं काय बिघडणार होतं, तुम्हीच सांगा.

आता तुम्ही म्हणाल, नासिरभाई, खाली घर नव्हतं का? होतं की. चांगल्या तीन खोल्या आहेत. पण माझं डोकं धावायला लागलं होतं (ते धावायला लागलं की माझी बायको चांदबी घरातल्या काचेच्या वस्तू वरच्या फळीवर ठेवते). जो मुलगा दिवसभर फायबरमध्ये राबतो, त्याला फायबरच्याच सावलीत बसवलं तर त्याला किती आनंद होईल! मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारतोय. स्वतःची म्हणावी अशी कल्पना मला वर्षातून एखादीच सुचते, आणि सुचली की मला बसवत नाही.

"पाहुणे रविवारी येणार, आणि तुम्ही आज छप्पर घालताय?" चांदबी म्हणाली. (घरात आम्ही हिंदी, उर्दू आणि अहिराणीची खिचडी बोलतो. तुमच्यासाठी ती मी निवडून, पाखडून मराठीत देतोय. शेजारच्या गजराबाईचं बोलणं मात्र आहे तसंच देणार. तिला पाखडायची माझी हिंमत नाही.)

"अगं, फायबर आहे ते! सिमेंट-वाळूचं काम नाही. दोन दिवसांत छप्पर उभं!"

"पोरीचं जमायला हवं हो," ती हळू आवाजात म्हणाली. "माणसं चांगली आहेत. इरमला फोटोतला मुलगा आवडलाय. फक्त आपल्या हातून काही बिघडू नये."

'आपल्या' म्हणताना ती माझ्याकडेच का बघत होती, ते मला तेव्हा कळलं नाही.

चांदबीला घेऊन ललित हार्डवेअरवाल्याच्या दुकानात गेलो, तर त्यानं एक पत्रा दोन विटांवर ठेवला आणि त्याच्यावर स्वतः उभा राहिला. ललित चांगला खातापिता माणूस आहे. पत्रा थोडा वाकला, पण मोडला नाही! मी टाळ्या वाजवल्या.

"आत काचना धागा शेतस, वर प्लास्टिक," ललित पत्र्यावरूनच म्हणाला. "गंजत नही, सडत नही, वजन तं काहीच नही. आन उजेड बी भरपूर!"

काचेचे धागे! केसासारखे बारीक काचेचे धागे राळेत बसवून त्याचं छप्पर करतात, आणि त्याच्यावर ललित उभा राहू शकतो! मला इतकं भरून आलं की मी तिथंच हिरव्या रंगाचे आठ पत्रे सांगून टाकले. चांदबीनं एक हिरवा पत्रा उन्हात धरला, त्याच्याखाली मला उभं केलं आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "आपल्याला पोरगी दाखवायची आहे की भेंडी?" मग आम्ही दुधी रंगाचे घेतले.

लोखंडी सांगाडा उभा केला सुकराम मिस्त्रीनं. तो तोरणमाळकडचा. हात एकदम साफ. गुरुवारपर्यंत त्यानं सगळे पत्रे बसवले, फक्त त्यांची टोकं कापायची राहिली. ती हातभर जास्त होती आणि थेट गजराबाईच्या गच्चीवर जात होती. तेवढ्यात त्याच्या चुलतभावाचं लग्न निघालं.

"साहेब, मी सोमवारी येस," तो बॅग खांद्याला लावत म्हणाला. "तोपर्यंत याले हात लावू नका. पाणी मारी मारी कापनं पडस."

डोंगरात लग्नाला गेलेल्या माणसाला फोन लागत नाही. आणि इकडे शुक्रवारी सकाळीच गजराबाई कठड्याशी येऊन उभी राहिली. तिच्या गच्चीवर वर्षभराची लाल मिरची वाळत पसरलेली असते.

"नासिरभाऊ! तुन्हा पत्रानी सावली मन्ही मिरचीवर पडस! मिरची वाळी कशी?"

"दोन दिवस थांबा ना, गजराबाई."

"मिरची थांबत नही. उद्या काप, नहीते मी कोयता लई येसू!"

पाहुण्यांसमोर गजराबाई कोयता घेऊन आली तर काय शोभा राहील? म्हणून शनिवारी दुपारी ललितकडून पत्रा कापायचं हातातलं ग्राइंडर आणलं आणि मी स्वतः शिडीवर चढलो. चांदबी बाजारात गेली होती. इरम गच्चीवर आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि फोन काढून काहीतरी वाचायला लागली. तिचं बी.एस्सी. झालंय. तिला प्रत्येक गोष्ट आधी वाचायची असते.

"अब्बा, तोंड बांधा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पाणी मारत कापा. आणि दोरीवरचे कपडे आधी काढा, नाहीतर त्यांच्यात बारीक काच बसेल."

"बेटा," मी शिडीवरून म्हणालो, "मी नंदुरबारचा आहे. जन्मल्यापासून माझ्या नाकातून मिरची जातेय. परगावची माणसं स्टेशनावर उतरल्या उतरल्या शिंकतात, आपण कधी शिंकलो? असल्या धुळीला आपण भ्यायचं?"

"कपडे तरी काढा, अब्बा."

"काढतो, काढतो! तू जा, तुझी खाला वाट बघतेय मेंदी लावायला."

ती गेली. दोरीवर काय होतं ते सांगून टाकतो. पाहुण्यांसाठी धुतलेल्या चार पांढऱ्या चादरी, लोडांचे अभ्रे आणि सहा नवे टॉवेल. मी ते काढणारच होतो. पण तेवढ्यात ग्राइंडर सुरू झालं, आणि काय सांगू तुम्हाला! घर्रर्र! पत्र्यातून पांढरा धुरळा उसळला आणि उन्हात असा चमचमला की मी पुढचे सात पत्रे नुसत्या आनंदातच कापले. गजराबाईनं पहिल्याच आवाजाला मिरचीवर ताडपत्री ओढली आणि खाली निघून गेली. मला वाटलं, बाईला मशीनची भीती वाटते.

संध्याकाळी मी चादरी झटकून, नीट घड्या घालून ठेवल्या. मान आणि हात खाजायला लागले होते. चांदबीनं विचारलं तेव्हा मी शेजारच्या गच्चीकडे बोट दाखवलं. आमच्या गावात डोळे चुरचुरले, नाक गळलं, अंग खाजलं, की एकच कारण असतं, आणि ते कुणी तपासत बसत नाही. चांदबीनं मला खोबरेल तेल चोळून दिलं. त्यानं खाज वाढली, म्हणून मी आणखी चोळून घेतलं.

रविवारी अकरा वाजता पाहुणे आले. मुलाचे वडील कलीमसेठ, शहाद्याचे मिरचीचे व्यापारी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी. आई अतिकाबहन, कमी बोलणाऱ्या आणि सगळं बघणाऱ्या. आणि तौहिद! फोटोपेक्षा बरा, शांत, मान खाली. मी त्यांना जिन्यावरून अक्षरशः पळवतच वर नेलं.

"बघा!" मी हात पसरून म्हणालो. "फायबर!"

दुधी पत्र्यांतून असा मऊ उजेड खाली येत होता की जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या चादरी उजळून निघाल्या होत्या. तौहिदनं वर पत्र्याकडे पाहिलं. मग कापलेल्या कडेकडे पाहिलं. मग जमिनीकडे, मग चादरीकडे. मग मला अदबीनं म्हणाला, "चाचा, आपण खाली घरात बसलो तर?"

किती संकोची मुलगा! "छे छे!" मी म्हणालो. "हे तुमच्यासाठीच तर केलंय!"

कलीमसेठ लोडाला टेकून ऐसपैस बसले. अतिकाबहन भिंतीच्या बाजूला बसल्या. तौहिदनं खिशातून रुमाल काढला, चादरीच्या अगदी कोपऱ्यावर पसरला आणि त्याच्यावर अंग चोरून बसला. मी चांदबीला डोळ्यांनी खूण केली, बघ, किती नीटनेटका आहे.

पाच मिनिटांत कलीमसेठनी मान खाजवली. मग कोपर. मग त्यांनी पाठ लोडावर घासली, आणि त्यानंतर ते थांबेचनात.

"मिरची हो!" मी शेजारच्या गच्चीकडे हात केला. "बाईंनी सगळी गच्ची भरून ठेवलीय. हात-तोंड धुऊन घ्या, लगेच आराम पडेल."

मी स्वतः तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि पुसायला नवे टॉवेल दिले. कलीमसेठ आणि अतिकाबहन दोघांनी तोंड पुसलं, मान पुसली, कानामागं पुसलं. तौहिदनं टॉवेल हातात घेतला आणि घडी न मोडता बाजूला ठेवला. मी विचार केला, चला, जरा वारा मिळू दे, आणि सांगाड्याला टांगलेला पंखा फुल केला. सांगाड्याच्या आडव्या पाइपांवर कालपासून जे काही बसलं होतं, ते सगळं खाली आलं.

आता चांदबीपण खाजवत होती, मीपण खाजवत होतो, आणि माझ्या अंगात तर पाहुणचार नुसता संचारला होता. खाली पळत गेलो, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि कलीमसेठ नको नको म्हणत असताना त्यांच्या दोन्ही हातांना तेल चोळलं.

कलीमसेठचा चेहरा लाल झाला.

"नासिरभाई," ते म्हणाले, "मी तीस वर्षं मिरचीच्या ढिगात बसतोय. मिरची झोंबते. मिरची जळते. मिरची टोचत नाही. हे टोचतंय. हे मिरचीचं काम नाही."

"आमची नंदुरबारची मिरची जरा वेगळी असते, सेठ."

हे बोलायला नको होतं. कठड्यापलीकडून आवाज आला, "काय म्हनना? मन्ही मिरची?" आणि पुढच्या मिनिटाला गजराबाई जिन्यानं वर! मूठभर मिरच्या तिनं कलीमसेठपुढं चादरीवर आपटल्या.

"देखा, सेठ! तुम्ही व्यापारी शेतस. सांगा, हाई मिरची कोनले खाज आनी का? हाऊ मानूस कालपाईन मन्ही मिरचीनं नाव खराब करी ऱ्हायना!"

कलीमसेठनी खाजवणं थांबवलं. (धंदा शेवटी धंदा.) एक मिरची उचलली, देठ बघितला, उन्हाकडे धरली, मोडली, वास घेतला, बी तळहातावर घोळवलं. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो.

"माल एक नंबर आहे," ते म्हणाले. "वाळवण सुरेख. ही मिरची निर्दोष आहे."

"आते बोल!" गजराबाई माझ्याकडे वळली.

अतिकाबहननी एवढ्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांनी माझ्या मानेवरचे लाल चट्टे बघितले, चांदबीचे हात बघितले.

"नासिरभाई, तुम्हाला ही खाज कधीपासून आहे?"

"काल संध्याकाळपासून."

"आणि भाभींना?"

"आजपासून," चांदबी कशीबशी म्हणाली.

"म्हणजे एकाची दुसऱ्याला लागते," अतिकाबहन म्हणाल्या आणि पदर सावरत उठल्या. "आम्ही निघतो. तुम्ही आधी सगळं घर डॉक्टरला दाखवा. बाकीचं नंतर बघू."

त्या 'नंतर बघू'चा अर्थ कुठल्याही मुलीच्या बापाला कळतो. चांदबीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी पोर हुशार, गुणी, आणि तिचं जमत आलेलं लग्न मी खरजेच्या संशयावर घालवलं होतं! आणि नेमकी त्याच वेळी इरम सरबताचा ट्रे घेऊन जिन्याच्या दारात आली. मेंदीचे हात, इस्त्रीवाल्याकडून आलेला मोतिया रंगाचा ड्रेस. सगळे उभे, सगळे खाजवतायत, मधे गजराबाई कमरेवर हात ठेवून. ती दारातच थांबली.

तेव्हा तौहिद उठला.

"चाचा," तो म्हणाला, "घरात चिकटपट्टी आहे का? रुंद असलेली?"

मला वाटलं, मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला. पण होती घरात, खोकी बंद करायची तपकिरी पट्टी. मी धावत जाऊन आणली. तौहिदनं वीतभर तुकडा फाडला, वडिलांच्या हाताला चिकटवला, नीट दाबला आणि एका झटक्यात ओढला.

कलीमसेठची किंकाळी बहुतेक म्हसावदपर्यंत गेली असेल. पण तौहिदनं तो तुकडा उजेडात धरला, आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. कलीमसेठचे केस होते ते होतेच. त्यांच्यामधे मात्र केसाहूनही बारीक, चमचम करणारी कुसळं दिसत होती.

"काच आहे," तो म्हणाला. "फायबरमधली. अम्मी, हा आजार नाही. कुणीतरी हे पत्रे कोरडे कापलेत आणि कापताना या चादरी जवळ होत्या. कंपनीत मी हेच बघतो. मी सेफ्टीला आहे."

"तुला माहीत होतं?" अतिकाबहन म्हणाल्या.

"वर आल्याबरोबर कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

तौहिदनं मान खाली घातली. "चाचांनी इतक्या प्रेमानं केलं होतं. कसं बोलणार?"

(माझा जीव त्याच्यावर तिथंच जडला. आता मुलीचं काही होवो, मुलगा आपलाच, असं मी ठरवून टाकलं.)

"आता तेल अजिबात नाही," तौहिद म्हणाला. "आणि..."

"चोळायचं नाही, गार पाणी ओतायचं," असं तो आणि इरम एकदमच बोलले.

तौहिदनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"कापताना तुम्ही इथं होतात?" त्यानं विचारलं.

"कापायच्या आधी होते," इरम म्हणाली. "तोंड बांधा म्हटलं. पाणी मारून कापा म्हटलं. कपडे काढा, असं तर दोनदा म्हटलं. मला वाटलं, काढले असतील."

"तीन वर्षं झाली," तौहिद म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आल्यासारखा झाला, "कंपनीत मी रोज सकाळी हेच सांगतो. न सांगता हे माहीत असलेलं माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय."

इतकं रोमँटिक वाक्य मी माझ्या आयुष्यात ऐकलं नाही. इरम लाजली. मी टाळी वाजवली, पण तोवर गजराबाईनं माझ्या तळहाताला पट्टी चिकटवलेली असल्यानं ती नीट वाजली नाही.

पुढचा अर्धा तास आमच्या गच्चीवर जे चाललं होतं, त्याबद्दल रस्त्यावरून बघणारे लोक अजून विचारतात. चांदबी अतिकाबहनच्या हातांना पट्टी लावतेय, अतिकाबहन चांदबीच्या. गजराबाईनं माझी मान घेतली होती आणि प्रत्येक झटक्याला "हाई मन्ही मिरचीनं!" असं म्हणत होती. कलीमसेठ मात्र दोन्ही हातांनी दाढी झाकून कोपऱ्यात उभे होते आणि कुणालाही जवळ येऊ देत नव्हते. शेवटी तौहिदनं त्यांच्या दाढीवर बादलीभर गार पाणी ओतलं. चादरी, अभ्रे, टॉवेल सगळं इरमनं हातमोजे घालून पोत्यात भरलं. तौहिदनं पोत्याचं तोंड धरलं होतं. दोघं काय बोलत होती ते ऐकू आलं नाही, पण पोतं भरायला जरा जास्तच वेळ लागला.

जेवण खाली, घरात झालं. (तौहिदनं आधी सुचवलं होतं तसंच.) ओल्या दाढीनं कलीमसेठ बिर्याणीवर खूश झाले, गजराबाईच्या मिरचीची दोन पोती त्यांनी जागेवरच सांगून टाकली. आणि हात धुऊन झाल्यावर अतिकाबहननी चांदबीचा हात हातात घेतला.

"आम्हाला मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या.

मी उडालोच! चांदबी रडायला लागली, इरम आत पळाली, तौहिद पाण्याचा रिकामा ग्लास पीत राहिला.

"लग्न पुढच्या हिवाळ्यात धरायचं, असं आम्ही घरून ठरवून आलो होतो," अतिकाबहन पुढे म्हणाल्या. "पण आता आमचा विचार बदललाय. ईद झाली की लगेच करू."

"वा!" मी आनंदानं ओरडलो. "म्हणजे छपरानं छाप पाडलीच तर!"

"पाडली ना," अतिकाबहन शांतपणे म्हणाल्या. "मुलगी समजूतदार आहे, नासिरभाई. तिला या घरात आणखी वर्षभर ठेवणं मला धोक्याचं वाटतं."

मी चांदबीकडे वळलो. पंचवीस वर्षांचा संसार, तीही माझ्या बाजूनं दोन शब्द बोलणार नाही, तर कोण बोलणार? चांदबीनं डोळे पुसले, गालावर राहिलेला पट्टीचा तुकडा सोलून काढला, आणि माझ्याकडे न बघता त्यांना विचारलं, "बहन, मुलीबरोबर पाठराखीण म्हणून आई आली तर चालते ना तुमच्यात?"

अतिकाबहननी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"चालते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर आजच चला."